सहा फूट आणि दोन सूत

रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघा कोण काढतं, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. गवत उगवावं तशा त्या उगवतात, असंच सगळ्यांना वाटतं. मामाने हे काम नगरपालिकेत एकतीस वर्षं केलं. रस्ता ओलांडायचे पट्टे, गाड्या लावायचे खाने, वळणावरचे बाण, सगळं त्याच्या हातचं. पण एकतीस वर्षांत "रेघ छान काढलीत हो" असं म्हणायला एक माणूस थांबला नाही. उलट घोटाळाच व्हायचा. कुणी "काय काम करता?" असं विचारलं की मामा ताठ मानेने "पट्टेवाला" म्हणून सांगे, आणि समोरचा त्याच्या हातात रिकामा पेला देऊन म्हणे, "मग जरा पाणी आणा बघू."

खरं तर तो मामा होता एकाच मुलीचा, त्याच्या थोरल्या बहिणीच्या लेकीचा. पण ताईच्या खानावळीत त्याचं रोजचं येणं-जाणं, त्यामुळे तो आचाऱ्याचा मामा झाला, शेजारच्या चष्मेवाल्याचा मामा झाला आणि शेवटी सगळ्या रस्त्याचाच मामा झाला.

मग साथ आली. खानावळीतल्या खुर्च्या पाय वर करून टेबलांवर चढल्या त्या उतरेचनात. दाराला आडवा कट्टा घालून तिथून डबे द्यायचे, एवढाच धंदा उरला. ज्या दारात जेवणाच्या वेळी नंबर लागायचे, तिथे आता आचारी दोन्ही हात मागे बांधून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत उभा असे. भिंतीवर खिळ्याला टांगलेली खानावळीची किल्ली ताई दिवसातून दोनदा पुसायला लागली. परत करायची वस्तू माणूस स्वच्छ करून ठेवतो ना, तशी.

आणि एका सोमवारी नगरपालिकेचं पत्र आलं.

पत्र भाचीने वाचून दाखवलं. भाची घरं-इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती. कॉलेज बंद, म्हणून सध्या मुक्काम खानावळीत.

"आत बसून खायला बंदी कायम," ती म्हणाली. "पण दारासमोरची गाड्यांची जागा टेबलांसाठी मिळेल. अटी अशा, की एका टेबलाची माणसं आणि दुसऱ्या टेबलाची माणसं यांच्यात निदान सहा फूट अंतर हवं. उरलेला रस्ता आगीच्या बंबासाठी मोकळा हवा. नकाशा काढायचा, जमिनीवर आखून दाखवायचा. गुरुवारी अकरा वाजता तपासणी."

"आणि तपासणीत नापास झालो तर?" ताईने विचारलं.

"मग साथ संपेपर्यंत पुन्हा अर्ज करता येणार नाही."

ताईने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "मग आत्ताच सांगून ठेवते. आठ टेबलं लागली तर भट्टी पेटेल. आठाच्या खाली माझं, आचाऱ्याचं, वाढणाऱ्या दोघींचं, कुणाचंच भागत नाही. आठ लागली नाहीत तर शुक्रवारी मी मालकाला किल्ली देऊन येणार. रडायचं नाही, भेकायचं नाही."

"मी कशाला रडू?" आचारी म्हणाला आणि कांदा नसताना डोळे पुसत आत गेला.

चष्मेवाल्याने आणि त्याच्या पलीकडच्या शिंप्याने आपापल्या दारासमोरची जागाही खुशीने दिली. मामाने टेप लावून मापं सांगितली, साठ फूट लांब आणि सोळा फूट रुंद. भाची नकाशा काढायला बसली. टेबल आणि भोवतीच्या खुर्च्या मिळून सहा फुटांची जागा, मग सहा फूट मोकळे. पुन्हा सहा, पुन्हा सहा. मामाच्या सवयीप्रमाणे तिने जागेचे खाने पाडले, बारा-बारा फुटांचे. प्रत्येक खान्यात मधोमध एक टेबल.

"पाच," ती हळूच म्हणाली.

"पुन्हा मोज," ताई म्हणाली.

"आई, बारा पंचे साठ. कितीही वेळा मोजलं तरी साठच येणार."

"दोन रांगा कर की."

"दोन रांगांना रुंदी अठरा फूट लागते. आपल्याकडे सोळा आहे."

अशा वेळी मामाचा एकच उपाय असे, कामाला लागणं. "पाच तर पाच," तो म्हणाला. "आधी आखून तर पाहू. जमिनीवर उतरल्याशिवाय नकाशाचं खरं-खोटं कळत नाही."

खरं म्हणजे खडूने आखलं असतं तरी चाललं असतं. पण मामाला खडूची रेघ म्हणजे पाण्यावरची रेघ वाटे. त्याने नगरपालिकेच्या जुन्या गोदामातून रस्त्याचा पांढरा रंग आणला, दोऱ्याला चुना लावला, एक टोक आचाऱ्याच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं, मधोमध दोरा उचलून टण्णकन सोडला. सुतासारखी सरळ खूण उमटली. दिवस मावळायच्या आत पाच खाने रंगवून झाले. चारी कोपरे असे काटकोनात, की भाचीने गुण्या लावून पाहिला आणि मान डोलावली.

मंगळवारी सकाळी मामा चहा प्यायला आला आणि रस्त्यातच उभा राहिला.

पाच खान्यांत पाच गाड्या उभ्या होत्या. नीट, मधोमध, रेघेला चाक न लावता.

"अहो!" मामा पहिल्या गाडीवाल्याला म्हणाला. तो किल्ली बोटावर फिरवत नुकताच उतरत होता. "इथे गाडी लावायची नाही!"

"का बरं? खाने तर आखलेत."

"ते टेबलांसाठी आखलेत."

गाडीवाल्याने खान्याकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं. "टेबलाला एवढी जागा? आमच्या घरात आम्ही पाच माणसं याच्याहून कमी जागेत झोपतो. आणि काय हो, हे खाने काढले कुणी? फार सुरेख काढलेत. गाडी आपोआप आत गेली."

एकतीस वर्षांत मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि तीही नको त्या वेळी. आचारी दारात उभा राहून सगळं ऐकत होता. त्याला हसू आवरेना. "लोकांनी मामाचाच मामा केला!"

"दात काढू नकोस," मामा म्हणाला.

"अहो, पण चूक कुणाची? तुमच्या हाताला दुसरं काही येतं का? तुम्ही टेबलाचं चित्र काढलंत तरी त्याला चाकं असतील!"

बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं. मामाच्या हाताने चौकोन काढला की तो गाडीचाच होई. जगातल्या प्रत्येक गाडीवाल्याचा त्या चौकोनावर विश्वास होता, आणि तो विश्वास मामानेच एकतीस वर्षं रंग लावून लावून पक्का केला होता. आता गाड्यांना "इथे येऊ नका" असं सांगायचं म्हणजे स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं स्वतःच खोडण्यासारखं होतं.

पाचही गाड्या निघेपर्यंत दुपार झाली. मामा खानावळीत येऊन हिरमुसून बसला. ताई दाराच्या कट्ट्यावर दवाखान्यातल्या परिचारिकांसाठी सूप भरत होती. कट्टा अरुंद, वाडगे मोठे. तिने एक वाडगा कट्ट्याच्या आतल्या कडेला ठेवला, दुसरा बाहेरच्या कडेला, तिसरा पुन्हा आतल्या. हात आपोआप चालत होते.

मामा बघत होता. बघता बघता त्याचा चहाचा कप हवेतच थांबला.

"ताई, हे असे तिरपे का ठेवतेस?"

"मग कसे ठेवू? डोक्यावर?"

"एका रांगेत का नाही ठेवत?"

"एका रांगेत पाचच मावतात रे," ताई सूप ओतता ओतता म्हणाली. "एक वर, एक खाली ठेवला की आठ बसतात. गोल भांड्यांना कोपरे नसतात, एकमेकांच्या बगलेत शिरतात. चौकोनी डबे असते तर नसते बसले. तुझ्या खान्यांसारखे."

शेवटचं वाक्य तिने टोमणा म्हणून टाकलं होतं. पण बोलून झाल्यावर तिच्या हातातला डाव खालीच उतरेना. तिने वाडग्यांकडे पाहिलं. मामाने वाडग्यांकडे पाहिलं. भाचीने तर कागद ओढून घेतला होताच.

"आई," भाची म्हणाली, "हलवू नकोस. एकही वाडगा हलवू नकोस."

"अगं, सूप गार होईल!"

"होऊ दे!"

मुलांना भूमिती शिकवताना आपण फळ्यावर वर्तुळं काढतो आणि मुलं खिडकीबाहेर बघतात. त्याऐवजी सूपचे वाडगे द्यावेत. भाचीने प्रत्येक टेबलासाठी चौकोनाऐवजी सहा फुटांचा गोल काढला. एक गोल पदपथाला चिकटून, पुढचा रस्त्याच्या कडेला, मग पुन्हा पदपथाला. नागमोडी. समोरासमोर आले असते तर मध्ये चारच फूट उरले असते. पण पुढचा गोल साडेसात फूट सरकला, की दोघांमधलं तिरपं अंतर साडेसहा फूट होत होतं. तिने साठ फुटांच्या शेवटापर्यंत गोल काढत नेले आणि मोजायचं काम आईवर सोपवलं.

ताईने बोट ठेवून मोजलं. मग दुसऱ्या टोकाकडून पुन्हा मोजलं.

"आठ," ती म्हणाली आणि लगेच रागावली. "मग काल का नाही सुचलं हे? इमारती बांधायला निघालीय!"

"काल तू सूप भरत नव्हतीस," भाची म्हणाली.

"आणि गोलात गाडी कोण लावणार?" आचारी म्हणाला. "गाडीवाला येईल, चक्रावेल आणि निघून जाईल."

बुधवारी सकाळी मामाने आपल्या पांढऱ्या रेघांवर काळा रंग फिरवला. मग हिरव्या रंगाचा डबा उघडून बसला आणि बसूनच राहिला.

"काय झालं?" भाचीने विचारलं.

"मला गोल येत नाही," मामा म्हणाला. साठी उलटलेल्या माणसाने असं कबूल करायला छाती लागते. "आयुष्यभर सरळ रेघा मारल्या. बाणसुद्धा सरळ रेघांचेच."

"मामा, तुझं ते सूत आहे ना, चुन्याचं? दोन्ही टोकं धरून ताणलं की काय होतं?"

"सरळ रेघ होते."

"आणि एकच टोक धरलं, दुसऱ्याला फिरू दिलं तर?"

मामाने दोऱ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं हातात असलेला दोरा, आणि त्याच्या पोटात हे होतं!

मध्ये रोवायला खिळा हवा होता. मामा आत गेला आणि भिंतीवरचा किल्लीचा खिळाच उपटून घेऊन आला.

"अरे, मग किल्ली कुठे अडकवू?" ताई आतून ओरडली.

"उद्यापर्यंत कमरेला खोच!"

पहिला गोल फसला. मामाने खिळा ठोकला, दोरा बांधला, दुसऱ्या टोकाला खडू धरून फिरला, आणि जिथून निघाला तिथे पोचलाच नाही. शेवट सुरुवातीच्या आत शिरला.

"हा गोल की गोगलगाय?" आचारी म्हणाला.

भाची खाली बसून खिळा बघत होती. दोरा खिळ्याला घट्ट बांधलेला, त्यामुळे मामा फिरे तसा तो खिळ्याभोवती गुंडाळला जाई आणि आखूड होई. तिने गाठ सोडून दोऱ्याला सैल फास केला, खिळ्याभोवती गरगर फिरेल असा. मामा पुन्हा निघाला. कंबर वाकवून, एकेक पाऊल मागे सरकत. या खेपेला खडू निघाल्या जागी येऊन बरोबर टेकला. मामा तिथेच उकिडवा बसून राहिला आणि त्याने त्या सांध्यावरून एकदा बोट फिरवलं.

तिसऱ्या गोलाशी अडचण आली. त्याच्या कडेत गटाराचं लोखंडी झाकण येत होतं. झाकण अडवायचं नाही, असा नियम. गोल दहा इंच सरकवावा लागला, आणि सरकवला तो नेमका चौथ्याच्या दिशेने, कारण दुसरीकडे झाकणच होतं. मामाने तिसऱ्या आणि चौथ्यामधलं अंतर मोजलं, एक डोळा मिटून पुन्हा मोजलं. मग टेप गुंडाळून खिशात टाकला.

"किती भरलं?" ताईने विचारलं.

"भरलं," मामा म्हणाला. किती, ते त्याने सांगितलं नाही.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना तपासणीच्या बाई आल्या. बारीक चणीच्या, तोंडावर मास्क, काखेत वही, हातात पोलादी टेप. "नमस्कार" एवढंच बोलून त्या वाकल्या आणि मोजायला लागल्या. पहिला आणि दुसरा गोल, सहा फूट सहा इंच. वहीत खूण. उरलेला रस्ता, बंबाला पुरून उरेल एवढा. खूण. ताई दारात उभी. कमरेची किल्ली तिने मुठीत धरली होती.

तिसऱ्या आणि चौथ्या गोलामध्ये बाई थांबल्या. टेप लावला. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. मग चक्क गुडघ्यांवर बसल्या.

"सहा फूट," त्या म्हणाल्या. "आणि वर..."

"दोन सूत," मामाच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"दोन सूत, बाई. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. दोन नाणी एकावर एक ठेवली की होते तेवढी जाडी. तशी दोन."

"म्हणजे पाव इंच." बाईंनी मामाकडे पाहिलं. "पाव इंच तुम्हाला न वाकता दिसलं?"

"काल वाकूनच पाहिलं होतं," मामा म्हणाला.

बाईंनी वहीतला नियम काढला आणि बोट ठेवून वाचला. "'निदान सहा फूट.' निदान सहा फूट आणि बरंच काही, असं लिहिलेलं नाही." खूण केली.

ताईचा श्वास सुटला, पण अर्धाच. कारण बाई पुढे म्हणाल्या, "ही झाली रिकामी जागा. आता माणसं बसवा. खुर्चीत बसला की माणूस मागे सरकतो, आणि तुमच्याकडे सरकायला पावच इंच आहे."

तिसऱ्या टेबलावर आचाऱ्यालाच बसवलं. आचारी म्हणजे काही लहान माणूस नव्हे. तो बसला आणि पोटाला जागा करण्यासाठी, जन्मभराच्या सवयीने, खुर्ची मागे रेटली. खुर्चीचे मागचे दोन्ही पाय हिरव्या रेघेच्या बाहेर गेले.

भाचीने डोळे मिटले. बाईंची पेन्सिल वहीवर आडवी झाली.

"गिऱ्हाईक हेच करणार," त्या म्हणाल्या. "रोज, दर टेबलावर. प्रत्येकामागे तुम्ही टेप घेऊन उभे राहणार का?"

तेवढ्यात चौथ्या गोलाजवळून आवाज आला. शिंपीणबाई आपल्या सहा वर्षांच्या नातीला घेऊन गंमत बघायला आल्या होत्या, आणि ती चिमुरडी गोलाच्या मधोमध दोन्ही पाय जुळवून उभी होती.

"काका आऊट!" ती आचाऱ्याकडे बोट दाखवून ओरडली. "काका रेघेच्या बाहेर! आऊट!"

आचाऱ्याने खाली पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण असा दचकला, की खुर्चीसकट उडी मारून आत आला. "नाही, नाही! आत आहे मी! आतच आहे!"

"आधी आऊट झाला होतात!"

"एकदा माफ!"

मास्कच्या आत बाई हसल्या. तोंड दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते. मग त्यांना खरंच करून पाहावंसं वाटलं असावं. रस्त्याने एक वयस्क जोडपं चाललं होतं, त्यांना त्यांनी पाचव्या टेबलावर बसायची विनंती केली. नियम सांगितला नाही, काहीच सांगितलं नाही. आजोबा बसले, खुर्ची मागे घेतली, आणि पाय रेघेला लागायच्या आत थांबले. खाली बघून, आजीलाही म्हणाले, "अगं, आत ओढ, रेघेवर आलीस."

गोल आखला की माणसाने त्याच्या आत राहायचं, हे शिकवावं लागत नाही. ते आपण सगळे सहा वर्षांचे असतानाच अंगणात शिकलेलो असतो. मामाच्या चौकोनावर गाड्यांचा विश्वास होता ना, तसाच या गोलावर माणसांचा.

बाईंनी शेवटची खूण केली, कागदावर सही केली, शिक्का मारला आणि कागद ताईच्या हातात दिला. ताईने तो उलटा धरला, मग सुलटा केला. वाचला मात्र नाही. तिला दिसतच नव्हतं.

"आखणी कुणाची?" बाईंनी विचारलं. "उरलेल्या रस्त्यांवरही असेच गोल काढून घ्यावे म्हणते."

"माझी," मामा म्हणाला. "नगरपालिकेतच होतो मी. पट्टेवाला."

"हो का?" सकाळपासून उन्हात वाकून वाकून बाईंचा घसा कोरडा पडला होता. "मग जरा पाणी आणता का?"

भाचीने ओठ दाबले. आचारी दुसरीकडे बघायला लागला. मामा असा खदखदून हसला, की शिंपीणबाईंची नातही कारण न कळता हसायला लागली. "आणतो की!" म्हणत तो आत धावला. एकाऐवजी दोन पेले भरून आणले, थंडगार, काठोकाठ, आणि रस्त्यावर थेंबही सांडला नाही.

बारा वाजता भट्टी पेटली. एक वाजेपर्यंत आठही गोल भरले होते. खुर्च्या आत, पाय आत, मास्क खिशात, आणि सूपची वाफ पुन्हा एकदा माणसांच्या तोंडावर येत होती. चौथ्या गोलात शिंपीणबाईंची नात पाव बुडवून खात होती आणि एक डोळा तिसऱ्या गोलाच्या रेघेवर ठेवून होती.

मामा हातोडी घेऊन आत गेला. खिळ्याचं टोक डांबराने काळं झालं होतं. ते त्याने पुसलं नाही. भिंतीत जुन्या भोकात दोन घाव घातले आणि बाजूला झाला.

ताईने कमरेची किल्ली काढून टांगली. ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलली आणि स्थिर झाली.

"गोल छान काढलेस हं," ताई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "आता हात धू आणि जेव. पण आधी बाहेर सहा नंबरला दोन वाडगे ने. तिरपा जा, कुणाच्या गोलातून जाऊ नकोस."